मीटर खोटं बोलतो का? आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये बेसिक इलेक्ट्रॉनिक्स असं शिकवतात

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. सायन्स घ्यायचं, डिप्लोमाला टाकायचं की आयटीआय करायचं? त्यात कुणी 'इलेक्ट्रॉनिक्स' म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो कोपऱ्यावरचा टीव्ही रिपेअरवाला, नाहीतर मोबाईलच्या दुकानात भिंग लावून बसलेला पोरगा. मग प्रश्न येतो की हे शिकायला दोन-तीन वर्षं कशाला लागतात? यूट्यूबवर तर सगळं आहे.

यूट्यूबवर बरंच आहे, हे खरं. सर्किट कसं जोडायचं ते तिथे दिसतं. पण जोडलेलं सर्किट चाललं नाही तर पुढे काय करायचं, ते तिथे क्वचितच दिसतं, कारण न चाललेल्या सर्किटचा व्हिडिओ सहसा कुणी टाकत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये शिकण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे.

आयटीआय आणि पॉलिटेक्निक, फरक काय?

आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. देशात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली, तिच्याखाली या संस्था चालतात. महाराष्ट्रात त्यांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे असतो. 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' हा इथला दोन वर्षांचा ट्रेड. दहावीला गणित आणि विज्ञान असलेल्या मुलामुलींना तो घेता येतो. सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाला १२०० तास असतात. पहिल्या वर्षी त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास थिअरीचे आणि १२० तास एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचे. शिकवणाऱ्याला इथे शिल्प निदेशक म्हणतात, मुलं अर्थातच 'सर' किंवा 'मॅडम' म्हणतात.

पॉलिटेक्निक म्हणजे तंत्रनिकेतन. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. इथे गणित आणि थिअरीचं वजन जास्त असतं, हाताने करायचं काम तुलनेने कमी. ढोबळमानाने सांगायचं तर आयटीआय कारागीर घडवतं आणि डिप्लोमा सुपरवायझर किंवा ज्युनियर इंजिनिअर. पण पहिल्या काही महिन्यांत दोन्हीकडच्या टेबलावर वस्तू त्याच असतात: रेझिस्टर, डायोड, ट्रान्झिस्टर, ब्रेडबोर्ड आणि मल्टिमीटर.

पहिला धडा: ४७० म्हणजे ४७० नाही

सुरुवात रेझिस्टरच्या रंगांपासून होते. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. हा क्रम लक्षात ठेवायला 'बी. बी. रॉय' नावाच्या कुणा काल्पनिक गृहस्थाचं आणि त्याच्या ग्रेट ब्रिटनमधल्या बायकोचं इंग्रजी वाक्य भारतातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केलं आहे.

पिवळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी पट्टा. चार, सात आणि पुढे एक शून्य, म्हणजे ४७० ओहम. विद्यार्थी मीटर लावतो आणि आकडा येतो ४६३. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते, "सर, मीटर खराब आहे."

मीटर ठणठणीत असतो. सोनेरी पट्ट्याचा अर्थच असा की किंमत ५ टक्के इकडेतिकडे असू शकते. म्हणजे ४४६.५ ते ४९३.५ ओहमच्या मधलं काहीही चालेल. पुस्तकातला आकडा हा एक पट्टा असतो, ठिपका नसतो. शाळेत गणिताचं उत्तर बरोबर तरी असतं किंवा चूक तरी. इथे पहिल्यांदाच 'इतपत बरोबर' नावाचा प्रकार समोर येतो आणि काही मुलांना तो पचायला वेळ लागतो.

ट्रान्झिस्टरच्या बाबतीत तर हा पट्टा फारच रुंद आहे. बीसी ५४७ हा प्रत्येक लॅबमध्ये मुठीमुठीने मिळणारा ट्रान्झिस्टर. त्याचा करंट गेन, म्हणजे बेसमधल्या छोट्या करंटच्या किती पट करंट तो कलेक्टरमधून वाहू देतो तो आकडा, कंपनीच्या माहितीपत्रकात ११० ते ८०० असा दिलेला असतो. एकाच पुडीतले दोन नग वेगळे निघू शकतात. म्हणून चांगलं सर्किट गेनच्या नेमक्या आकड्यावर विसंबून बांधत नाहीत. शिवाय पायांची भानगड आहेच. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दिसायला हुबेहूब तसाच असलेला २ एन ३९०४ घेतला तर क्रम बरोबर उलटा.

ब्रेडबोर्ड आणि त्यातली एक फसवी फट

ब्रेडबोर्ड हे नाव पावाच्या लाकडी पाटीवरून आलं. जुने रेडिओ हौशी अशाच पाटीवर खिळे ठोकून सर्किट जोडायचे. आजच्या प्लॅस्टिकच्या बोर्डात भोकांच्या आत धातूच्या पट्ट्या असतात. मधल्या भागात पाच-पाच भोकं आडवी जोडलेली आणि कडेला पॉवरसाठी लांब उभ्या रांगा.

गंमत अशी की बऱ्याच लांब बोर्डांमध्ये या कडेच्या रांगा मध्यावर तुटलेल्या असतात. वरच्या अर्ध्यात वीज येते, खालचा अर्धा कोरडा. सर्किट बरोबर, पार्ट बरोबर, बॅटरी नवी आणि एलईडी पेटत नाही. अनुभवी निदेशक हे आधी सांगत नाहीत. पोरगा अर्धा तास डोकं खाजवतो, शेवटी मीटर घेऊन भोकाभोकातलं व्होल्टेज बघतो आणि फट सापडते. नंतर तो ती आयुष्यात विसरत नाही.

एलईडीचा प्रयोगही असाच. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले ७. करंट १५ मिलिअँपिअर हवा, तर सातला ०.०१५ ने भागायचं. उत्तर ४६७ येतं, बाजारात जवळचा रेझिस्टर ४७० चा मिळतो. १८२७ मध्ये जर्मनीतल्या जॉर्ज ओहमने छापलेला नियम इथे एका भागाकारात कामाला येतो. आता लाल एलईडी काढून तिथे निळा लावला तर? निळ्यावर ३ व्होल्टच्या आसपास पडतात. करंट किती होईल, हे मीटर लावण्याआधी सांगता आलं तर धडा समजला.

मीटरसुद्धा सर्किटचा भाग होतो

आता येतो तो प्रयोग, जो फार कमी ठिकाणी नीट करून घेतला जातो. खरं तर तो प्रत्येक कॉलेजात पहिल्याच महिन्यात व्हायला हवा.

प्रत्येकी १० लाख ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे आणि दोन टोकांना १० व्होल्ट द्यायचे. मधल्या बिंदूवर किती व्होल्टेज? दोन्ही सारखे, म्हणजे अर्धं. ५ व्होल्ट. हे तोंडी गणित आहे.

डिजिटल मल्टिमीटर लावला की दिसतात ४.७६. जुना काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर लावला तर काटा जेमतेम १.४ वर जातो. तीन उत्तरं आली. मग खरं कोणतं?

मीटर न लावता मधल्या बिंदूवर ५ व्होल्टच असतात. पण मोजायला मीटर जोडला की त्याच्यातूनही थोडा करंट वाहतो, म्हणजे खालच्या रेझिस्टरला आणखी एक रेझिस्टर समांतर जोडल्यासारखं होतं. डिजिटल मीटरचा आतला रोध सहसा १ कोटी ओहम असतो, म्हणून तो थोडंच ओढतो. काट्याच्या मीटरवर '२०,००० ओहम प्रति व्होल्ट' असं लिहिलेलं असेल, तर १० व्होल्टच्या रेंजवर त्याचा रोध फक्त २ लाख. १० लाखांशेजारी २ लाख जोडले तर व्होल्टेज कोसळणारच.

कुठलाच मीटर खोटं बोलत नाही. मीटर जोडल्यानंतर सर्किटमध्ये जे उरलं, ते तो खरंखरं सांगतो. ज्याला हे कळलं तो पुढे कधीही नुसता आकडा वाचत नाही, तो आकडा कसा आला तेही बघतो.

मीटरची दुसरी बाजू जरा महागात पडणारी आहे. करंट मोजायला लाल लीड १० अँपिअरच्या भोकात घातली आणि नंतर तशीच ठेवून व्होल्टेज मोजायला गेलं, तर मीटर म्हणजे सरळ जोडलेली तार होते. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजही नसतो. बॅटरीवर हे झालं तर ठिणगीवर भागतं. घरच्या सॉकेटवर झालं तर हातातला मीटर फुटू शकतो.

पॉवर सप्लाय: एका प्रोजेक्टमध्ये निम्मा अभ्यासक्रम

आयटीआय असो वा डिप्लोमा, ५ व्होल्टचा पॉवर सप्लाय बांधल्याशिवाय सहसा कुणी पुढे जात नाही. पार्ट मोजके: २३० व्होल्टचे १२ करणारा ट्रान्सफॉर्मर, १ एन ४००७ चे चार डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५ नावाची तीन पायांची आयसी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलं तर एका दुकानात सगळं मिळतं.

पहिला धक्का कपॅसिटरवर बसतो. ट्रान्सफॉर्मर १२ चा, मग मीटरवर १५ च्या वर कसे? कारण एसीचे १२ व्होल्ट हा आरएमएस आकडा असतो. लाटेचं शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे जवळपास १७ व्होल्टवर असतं. वाटेत एका वेळी दोन डायोड लागतात, त्यांचे मिळून दीड व्होल्टच्या आसपास गेले, की उरतात साडेपंधरा. कपॅसिटर शिखराएवढा भरून बसतो.

आता बोर्ड चालू आहे आणि ५ व्होल्ट मिळताहेत. बऱ्याच ठिकाणी प्रयोग इथे संपतो आणि जर्नलवर सही होते. चांगला निदेशक इथून पुढे सुरुवात करतो. मुलं चहाला गेली की तो चारपैकी एका डायोडचा पाय गुपचूप सोडवून ठेवतो.

परत आल्यावर मुलं बघतात, आउटपुट ५ व्होल्टच आहे. सगळं ठीक दिसतं. मग सर म्हणतात, आता लोड लावा. १० ओहमचा मोठा रेझिस्टर जोडला, अर्धा अँपिअर करंट सुरू झाला आणि ५ व्होल्ट डळमळायला लागले. असं का होतं?

चारही डायोड चालू असताना कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरला जातो, कारण ५० हर्ट्झच्या लाटेच्या दोन्ही बाजू वापरल्या जातात. अर्ध्या अँपिअरला त्या मधल्या वेळात व्होल्टेज अंदाजे ५ ने उतरतं, साडेपंधरावरून साडेदहापर्यंत. ७८०५ ला आत साधारण ७ व्होल्ट लागतात, त्यामुळे तिला काही फरक पडत नाही. एक डायोड सुटला की लाटेची एक बाजू वाया जाते आणि भरणी दर २० मिलिसेकंदांनी होते. मग व्होल्टेज जवळपास दुप्पट उतरतं, सातच्याही खाली. तेवढ्या क्षणापुरती ७८०५ हात टेकते. लोड नसताना मात्र कपॅसिटरमधून काही ओढलंच जात नाही, म्हणून बिघाड लपून राहतो.

ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लॅबच्या भाषेत सीआरओवर, हे एका नजरेत दिसतं. शिखरांमधलं अंतर १० ऐवजी २० मिलिसेकंद. सीआरओ नसेल तर लोड लावून कपॅसिटरवर मीटर एसी रेंजला लावायचा, आकडा नेहमीपेक्षा बराच जास्त येतो. 'लोड नसताना बरोबर, लोडवर फेल' ही तक्रार पुढे चार्जर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर सगळीकडे भेटते. लॅबमध्ये ती एकदा स्वतः शोधून काढलेली असेल तर दुकानात अंदाजाने पार्ट बदलत बसावं लागत नाही.

याच बोर्डावर ७८०५ इतकी का तापते, हेही शिकता येतं. आत सरासरी १३ व्होल्ट, बाहेर ५. मधले ८ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर, म्हणजे ४ वॅट नुसते उष्णतेत जातात. हीटसिंक लावला नाही तर आयसी स्वतःला वाचवायला बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा चालू होते. नवख्याला वाटतं, लूज कनेक्शन आहे.

झाळकाम: टीव्हीला थाप का मारायचे?

जुन्या टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली की चित्र परत यायचं, हे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. त्यामागे बहुतेक वेळा असायचं ते ड्राय सोल्डर, म्हणजे वरून चिकटलेला पण आतून न धरलेला सांधा.

सोल्डरिंगमध्ये नवशिका हमखास एक चूक करतो. तो सोल्डर गनच्या टोकावर वितळवतो आणि सांध्यावर थापतो. बरोबर पद्धत उलटी आहे. आधी गनचं टोक पार्टचा पाय आणि बोर्डाचं तांबं दोन्हींना एकदम टेकवायचं, ते तापले की सोल्डरची तार त्यांना लावायची. दोन-तीन सेकंदांत काम व्हायला हवं. शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळतं आणि चांगला सांधा चमकदार, उतरत्या कडांचा दिसतो. गोळी झाली तर समजायचं, खालचं तापलंच नव्हतं.

युरोपीय संघाने जुलै २००६ पासून नव्या उपकरणांत शिशावर निर्बंध आणले. त्यामुळे आज हातात येणाऱ्या बऱ्याच बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर असतं. ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याचा चांगला सांधाही थोडा मंद दिसतो, म्हणून जुनी नजर फसते. कॉलेजात सरावाला मात्र शिशाचंच सोल्डर जास्त दिसतं. त्याचा धूर असतो तो फ्लक्सचा, म्हणजे राळेचा. तोही छातीत भरू देऊ नये, खिडकी उघडी हवी. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. सोल्डरिंगनंतर हात न धुता डबा उघडणं ही लॅबमधली सगळ्यात दुर्लक्षित चूक आहे.

९ व्होल्टवर शिकलेला हात २३० वर जातो तेव्हा

ब्रेडबोर्डवर चूक झाली तर पार्ट जळतो. खरी परीक्षा मेनवर चालणाऱ्या बोर्डावर असते. चार्जर किंवा एलईडी बल्बच्या ड्रायव्हरमध्ये २३० व्होल्ट थेट डीसी केले जातात आणि कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट साठतात. प्लग काढला तरी ते काही वेळ तिथेच राहू शकतात. कित्येक एलईडी बल्बमध्ये ट्रान्सफॉर्मरचा आडोसाही नसतो, सगळं सर्किट थेट मेनला जोडलेलं असतं.

म्हणून काही सवयी पहिल्या वर्षीच हाताला लावाव्या लागतात. कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करायचा आणि मीटरने खात्री करायची. चालू बोर्डावर मोजताना दुसरा हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंटला छातीतून वाट मिळत नाही. दुरुस्त केलेला बोर्ड थेट लावण्याऐवजी आधी सिरीजमध्ये जुना फिलामेंटचा बल्ब जोडायचा. शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, बोर्ड वाचतो. टेबलाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरला ट्रिप होणारा आरसीसीबी हवा.

सीआरओचा एक सापळा वेगळा सांगायला हवा. त्याच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. मेनवरच्या रेक्टिफायरला ती क्लिप लावली की थेट शॉर्ट होतो. काही जण यावर उपाय म्हणून सीआरओच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. त्याने शॉर्ट थांबतो, पण आता सीआरओची बॉडीच लाइव्ह होते. खरा उपाय आहे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

जर्नल छान, हात कोरा

इतकं सगळं शिकण्यासारखं असताना अनेक मुलं पास होऊनही साधा चार्जर उघडायला का घाबरतात? याचं मोठं कारण जर्नल आणि सबमिशनच्या पद्धतीत आहे.

प्रयोगाची रीडिंग पुस्तकातल्या उत्तराशी जुळली तर सही मिळते, नाही जुळली तर प्रश्न विचारले जातात. मग मुलं शहाणी होतात. मागच्या बॅचचं जर्नल मिळवायचं, तेच आकडे शेवटचा दशांश बदलून उतरवायचे. ग्राफ इतका गुळगुळीत येतो की तो मोजलेला नाही हे कुणालाही कळावं. वेळ कमी, टेबलं कमी, बॅच मोठी, त्यामुळे शिकवणारेही बरेचदा काणाडोळा करतात. नुकसान असं की ४.७६ ऐवजी ५.०० लिहिणाऱ्याने नेमकी शिकण्याची जागा पुसून टाकलेली असते.

तयार ट्रेनर किटमुळे यात भरच पडते. बोर्डावर सर्किट आधीच छापलेलं आणि जोडलेलं, पॅच कॉर्ड खोचायच्या आणि आकडा वाचायचा. किट व्यवस्थापनाला सोयीचं असतं. पार्ट हरवत नाहीत, वेळेत प्रयोग होतो. पण चुकायला जागाच नसलेल्या किटवर दुरुस्ती शिकता येत नाही.

काही साधे बदल फरक पाडतात. मोजण्याआधी अंदाज लिहून घ्यायचा आणि गुण अंदाज व रीडिंगमधल्या फरकाच्या कारणाला द्यायचे. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी बिघडलेला बोर्ड पुढे ठेवायचा. यासाठी नवी यंत्रं लागत नाहीत, भंगारात निघालेले चार्जर पुरतात.

प्रवेश घेण्याआधी काय बघावं, आणि पुढे काय?

संस्था बघायला गेल्यावर भिंतीवरच्या फ्लेक्सपेक्षा टेबल बघावं. सोल्डरिंगच्या टेबलावर डाग आणि चटके असतील तर तिथे काम होतं. सीआरओवरची प्लॅस्टिकची पिशवी अजून निघाली नसेल तर प्रश्न विचारावा. आयटीआयच्या एका तुकडीत २४ जण असतात. त्यांच्यात चालू स्थितीतले मीटर आणि सीआरओ किती, सुटे पार्ट मुलांना हातात मिळतात का, हे शिकत असलेल्या मुलांनाच विचारलेलं बरं.

आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कंपनीत ॲप्रेंटिसशिप करता येते, तिथे दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यांना महाराष्ट्रात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्ग आहे. दोन्हीकडे जागा मर्यादित असतात आणि प्रवेश गुणवत्ता यादीने होतो, त्यामुळे टक्के महत्त्वाचे ठरतात.

वाट बघायची नसेल तर घरीही सुरुवात होते. ब्रेडबोर्ड, साधा डिजिटल मीटर, ९ व्होल्टची बॅटरी, मूठभर रेझिस्टर आणि एलईडी, दोन-चार बीसी ५४७ आणि एक ५५५ टायमर हे सगळं काही शे रुपयांत येतं. पहिला प्रयोग १० लाख ओहमच्या दोन रेझिस्टरांचाच करावा. बॅटरी ९ ची असल्याने मीटरवर साडेचार यायला हवेत. किती येतात ते आधी कागदावर काढावं, मग मीटर लावावा.